मिस्त्री, ही कॉइल वाकडी का?

गेल्या अंकात फ्यूजनवर, म्हणजे हलकी अणुकेंद्रं जोडून सूर्यासारखी ऊर्जा काढण्यावर लिहिलं आणि सोबत उत्तर जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड इथल्या वेंडेलश्टाइन ७-एक्स या यंत्रातल्या एका कॉइलचा फोटो दिला. लेख कितीजणांनी शेवटपर्यंत वाचला देव जाणे, फोटो मात्र सगळ्यांनी बघितलेला दिसतो. निम्म्याहून जास्त पत्रं त्या कॉइलच्या आकारावर आहेत. म्हणून या महिन्यात बाकीचे विषय बाजूला ठेवते. पाणी तापवायच्या हीटरबद्दल विचारणाऱ्या तिघांनी रागावू नये.

आधी माझी चूक. 'सत्तर वाकड्या कॉइली' असं मी लिहिलं होतं. सत्तर बरोबर, पण वाकड्या त्यांतल्या ५०. उरलेल्या २० सपाट आहेत. इस्लामपूरच्या एका वाचकाने पोस्टकार्डावर लाल शाईने 'सत्तर'भोवती गोल काढून पाठवला. खाली एक शब्दही नाही. पोचला.

प्रश्न : बाई, चाळीस वर्षं सुतारकाम केलं. गुण्यात नसलेली चौकट आमच्याकडे गिऱ्हाईक दारातून परत पाठवतं. तुमच्या फोटोतली कॉइल बघून वाटलं, गरम असताना कुणीतरी तिच्यावर बसलं. जर्मन माणसाची मोजमापं पक्की म्हणतात, मग हे असं का? शेजारी टोकामॅकचं चित्र होतं, ते कसं देखणं गोल! तसंच का नाही केलं? (कुडाळ)

काका, तुमच्या प्रश्नाने मला थेट मिरजेला नेलं. वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. शाळा सुटली की मी फर्म्यावर कॉइली गुंडाळायला बसायची. एकदा ३६ स्लॉटच्या तीन एचपी मोटरमध्ये मी एक कॉइल उलटी जोडली. दिसायला सगळं सारखं : लेदरॉइड पेपर नीट, बांधणी घट्ट, वार्निश चकचकीत. चालू केली तर मोटर गुरगुरायला लागली. वडील कोपऱ्यात चहा पीत होते. कप खाली न ठेवता म्हणाले, "एक उलटी आहे, शोध." डोळ्याला जे एकसारखं दिसतं ते आतल्या क्षेत्राला एकसारखं असतंच असं नाही. याच्या उलटही खरं असतं, आणि ग्राइफ्सवाल्डची कॉइल हे त्या उलट्या बाजूचं उदाहरण.

प्लाझ्मा म्हणजे इतका तापलेला वायू की त्यातले इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेत. तो कुठल्याही भिंतीला टेकवता येत नाही, म्हणून चुंबकीय क्षेत्राने धरायचा. विद्युतभारित कण क्षेत्ररेषेभोवती गरगरत रेषेच्या बाजूने धावतो, तिला सोडून आडवा सहजी जात नाही. सरळ नळीवर कॉइली चढवल्या तर कण दोन टोकांतून निसटतील. मग नळी वाकवून टोकाला टोक जोडायचं, कडं करायचं. इथवर सोपं आहे, आणि इथेच गोची होते. कड्याच्या आतल्या अंगाला कॉइली दाटीने येतात, बाहेरच्या अंगाला विरळ. त्यामुळे क्षेत्र आत जोरदार, बाहेर कमी. गरगरणाऱ्या कणाचा फेरा जोरदार क्षेत्रात लहान, कमी क्षेत्रात मोठा. फेरा जुळत नाही आणि कण दर फेऱ्याला थोडा सरकतो : आयन वर, तर इलेक्ट्रॉन खाली. वर धन, खाली ऋण असा भार साठला की त्यातून उभं विद्युतक्षेत्र तयार होतं आणि ते सगळ्या प्लाझ्माला बाहेरच्या भिंतीकडे ढकलून देतं. नुसतं गोल, देखणं, गुण्यात बसणारं कडं प्लाझ्मा धरूच शकत नाही.

उपाय एकच, रेषांना पीळ द्यायचा. कड्याभोवती फिरता फिरता रेषा वरच्या अंगाने खाली आणि खालच्या अंगाने वर गेली, की वरचा आणि खालचा भाग एकाच तारेने जोडल्यासारखे होतात. भार साठायच्या आधीच शॉर्ट. कणाचंही तसंच. वरच्या अंगाला असताना जेवढा तो बाहेर सरकला, तेवढा खालच्या अंगाला असताना आत येतो.

आता पीळ द्यायचा कसा, यावर दोन घराणी झाली. सोव्हिएत रशियात १९५०-५१ च्या सुमारास साखारोव्ह आणि ताम यांनी सुचवलं की प्लाझ्म्यातूनच जबरदस्त विद्युतप्रवाह सोडा, त्याचं स्वतःचं क्षेत्र पीळ देईल. तो टोकामॅक. त्याच सुमारास, १९५१ मध्ये, अमेरिकेत प्रिन्स्टनला लायमन स्पिट्झर या खगोलशास्त्रज्ञाने प्रवाहाशिवाय पीळ आणायचं ठरवलं. नळीच इंग्रजी आठच्या आकड्यासारखी मुरडली. तो स्टेलरेटर. तुम्हाला देखणं वाटलेलं टोकामॅक वर्षानुवर्षं पुढे राहिलं, यात शंका नाही. १९६८ मध्ये नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत रशियनांनी टी-३ टोकामॅकचे आकडे सांगितले. पाश्चात्त्यांचा विश्वास बसेना. १९६९ मध्ये इंग्लंडमधल्या कलहॅमचे लोक स्वतःचा लेसर घेऊन मॉस्कोला गेले, मोजलं, आणि तापमान खरंच एक कोटी अंशांच्या आसपास निघालं. त्यानंतर प्रिन्स्टनने आपला मोठा स्टेलरेटरच टोकामॅकमध्ये बदलून घेतला.

पण त्या प्रवाहाची किंमत असते. मी ट्रान्स्फॉर्मरमधली बाई, म्हणून मला ती लगेच दिसते. टोकामॅकमध्ये मधोमध प्रायमरी आणि प्लाझ्मा म्हणजे एका वेढ्याची सेकंडरी. प्रायमरीतला प्रवाह बदलत राहील तोवरच सेकंडरीत प्रवाह, आणि तो कायम वाढवत कुणाला नेता येतो? दुसऱ्या वाटांनी प्रवाह टिकवता येतो, पण ते खर्चिक. शिवाय फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ईटर या प्रचंड टोकामॅकमध्ये हा प्रवाह दीड कोटी अँपिअरचा असायचा आहे. तो मध्येच कोसळला तर पीळही गेला आणि प्लाझ्माही गेला, जाताना यंत्राला दणका देऊन. स्टेलरेटरमध्ये पीळ बाहेरच्या कॉइलींतच आहे. आत प्लाझ्मा असो नसो, रेषा पिळलेल्याच. सुंभ जळालं तरी पीळ जात नाही, ही म्हण आपल्याकडे चांगल्या अर्थाने कुणी वापरत नाही; इथे वापरायला हरकत नाही.

आणि काका, फर्म्याचं सांगते म्हणजे जीव शांत होईल. वाकड्या कॉइली ५० असल्या तरी प्रकार पाचच. यंत्राचे पाच सारखे भाग, प्रत्येक भागाचे दोन अर्धे. एक अर्धा उलथा करून दुसऱ्याला लावलेला. प्रत्येक अर्ध्यात पाच कॉइली. म्हणजे साचे पाच, प्रत्येकी दहा नग. एकेक सुमारे साडेतीन मीटर उंच आणि सहा टनांची. कुणी वर बसलेलं नाही.

प्रश्न : सूर्य गोल आहे, मग यंत्र मेदूवड्यासारखं का? लाडूसारखं का नाही? (अकरावी, कोल्हापूर)

डोक्यावरून हात फिरवून बघ. कसेही विंचरलेस तरी केसांचा भोवरा कुठेतरी राहतोच. गोळ्यावरच्या रेषांचं तेच होतं. कुठे ना कुठे एक जागा अशी येते जिथे रेषेला पृष्ठभागावरून जायला दिशाच नाही, आणि प्लाझ्म्याला तेवढी फट पुरते. वड्यावरचे केस भोवऱ्याशिवाय विंचरता येतात. सूर्याला हा प्रश्न नाही, त्याला स्वतःचं वजन धरून ठेवतं. तेवढं वजन आपल्याकडे नाही.

प्रश्न : आमची केळीची बाग आहे. मुलगा इंजिनिअरिंगला. त्याच्या एका व्हिडिओत टोकामॅकमधली 'बनाना ऑर्बिट' ऐकली. ही चेष्टा आहे का? (रावेर, जि. जळगाव)

चेष्टा नाही, हे अधिकृत नाव आहे. आलेल्या पत्रांतला सगळ्यात मोलाचा प्रश्न तुमचा, कारण सममितीचा सगळा व्यवहार या केळ्यात आहे.

टोकामॅकमध्ये आतल्या अंगाला क्षेत्र जोरदार असतं हे वर आलंच. जोरदार क्षेत्र म्हणजे कणाला चढ. कसारा घाटात पुरेसा वेग न घेता शिरलेला ट्रक जसा मध्येच थकतो, तसा कमी वेगाचा कण चढावर थांबतो आणि मागे फिरतो. पलीकडच्या बाजूने पुन्हा तोच चढ, पुन्हा माघारी. हेलपाटे चालू. जाताना आणि येताना तो थोडा थोडा सरकत असतो, म्हणून जायची वाट आणि यायची वाट एक नसते. नळीचा आडवा छेद घेऊन त्याची वाट काढली तर अगदी केळं दिसतं. घडातलं, बाहेरच्या अंगाला पोट असलेलं.

आता महत्त्वाचं काय, तर केळ्याची जाडी ठरलेली आहे. कण हेलपाटे मारत भिंतीपर्यंत का जात नाही? टोकामॅक उभ्या आसाभोवती कुठल्याही कोनातून सारखंच दिसतं म्हणून. १९१८ मध्ये जर्मनीत एमी नोएदर या गणितज्ञ बाईंनी सिद्ध केलं की जिथे अशी सममिती असते तिथे एखादी राशी कायम राहते. (विद्यापीठात तेव्हा त्यांना पगारी जागाही नव्हती. असो.) टोकामॅकमध्ये कायम राहणारी ही राशी म्हणजे कोनीय संवेगाची एक बेरीज. पासबुकातल्यासारखे तिचे दोन रकाने धरा : एकात कणाचा कड्याभोवतीचा वेग, दुसऱ्यात तो मध्यापासून कितव्या थरावर आहे तो आकडा. बेरीज बदलायची नाही. वेग कमी-जास्त झाला तर तेवढाच थर बदलेल. वेग काही अमर्याद बदलू शकत नाही, म्हणून थरही ठरलेल्या मर्यादेपलीकडे बदलत नाही. कणाला मोकळं सोडलंय, पण खातं गोठवलंय.

जुन्या स्टेलरेटरमध्ये ही सममिती मोडली. कड्याभोवती फिरताना क्षेत्राचा जोर जागोजाग कमी-जास्त, रस्त्यावर जसे खड्डे. एखादा कण अशा एका खड्ड्यात अडकला की तिथल्या तिथे पुढे-मागे करत राहतो. पीळ आहे, पण त्याचा याला उपयोग नाही, कारण हा वरून खाली जातच नाही. सरकणं मात्र चालू, एकाच दिशेने, थेट भिंतीपर्यंत. पासबुकच नाही, तर अडवणार कोण?

ही गाठ सुटली ती एका निरीक्षणाने, आणि मला ते आजही फार देखणं वाटतं. १९८३ मध्ये ॲलन बूझर यांनी दाखवलं की क्षेत्ररेषांना धरून नीट निवडलेल्या कोनांत मोजलं, तर कणाचं सरकणं क्षेत्राच्या फक्त जोरावर ठरतं, दिशेवर नाही. क्षेत्र कुठे वळतंय, नळी कशी मुरडलीय, कॉइल किती कुरूप आहे, कणाला घेणं नाही. त्याला फक्त 'इथे जोर किती' एवढंच कळतं. मग यंत्र डोळ्याला कितीही वेडंवाकडं असो. त्यातला क्षेत्राचा जोर त्या कोनांत मोजल्यावर एका दिशेने सारखा राहिला, की कणाला वाटतं आपण टोकामॅकमध्येच आहोत. पासबुक परत मिळालं. मराठीत याला आभासी सममिती म्हणावंसं वाटतं, पण ते बरोबर नाही. आभास आपल्या डोळ्याला आहे. कणाच्या हिशेबात ती खरीच आहे.

असे आकार असू शकतात हे १९८८ मध्ये न्यूरेनबर्ग आणि त्सिला या जर्मन जोडीने संगणकावर काढून दाखवलं. मग अमेरिकेत मॅडिसनच्या विद्यापीठात एचएसएक्स हे छोटं यंत्र उभं राहिलं आणि १९९९ मध्ये चालू झालं. पीळदार सममिती असलेलं ते पहिलं. २०२२ मध्ये लँड्रमन आणि पॉल यांनी गणिताने असे आकार काढले की क्षेत्र एक टेस्लाचं (टेस्ला हे क्षेत्राच्या जोराचं माप) धरलं तर सममितीतली चूक सुमारे ५० मायक्रोटेस्ला, म्हणजे होकायंत्राची सुई फिरवणारं पृथ्वीचं क्षेत्र असतं साधारण तेवढीच. गणितात हं, तांब्यात नव्हे.

वेंडेलश्टाइन ७-एक्स मात्र या घराण्यातलं सख्खं नाही, चुलत आहे. तिथे सममिती न आणता वेगळी युक्ती केली. यंत्र वरून पाहिलं तर पंचकोनासारखं. कोपऱ्यांत वळण जास्त, तिथे क्षेत्र जोरदार ठेवलं. मधल्या सरळ बाजूंना क्षेत्र कमी. अडकणारे कण साहजिकच कमी जोराच्या जागी, म्हणजे सरळ भागात अडकतात, जिथे वळण नसल्याने सरकणंही थोडं. खड्डे बुजवता येत नाहीत ना, मग सपाटीवर आणा. प्लाझ्म्याचा छेद कोपऱ्यात पावट्याच्या दाण्यासारखा दिसतो आणि सरळ भागात त्रिकोणी. हा पावटा आणि हा त्रिकोण एकमेकांत मिसळत नेणारं क्षेत्र हवं, म्हणून कॉइली अशा. आकार आधी प्लाझ्म्याचा ठरला, कॉइल त्यावर बेतली. शिंप्यासारखं काम, कुडाळच्या काकांनीही हे वाचावं. २०२१ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी मोजमापांवरून दाखवलं की ही गळती खरोखरच कमी झालीय. जुन्या धर्तीच्या यंत्रात तेवढ्या उष्णतेवर ते तापमान मिळालंच नसतं. प्लाझ्म्यातली खळबळ वेगळीच उष्णता चोरते, तिच्यावर या युक्तीचा परिणाम होत नाही. ते दुखणं चालू आहे.

मुलाला सांगा, केळं जितकं बारीक तितकं यंत्र चांगलं. बागेत उलटं असतं.

प्रश्न : 'प्लाझ्मा समतोलात राहतो' असं तुम्ही लिहिलंत. अधांतरी? आणि त्याला नेमकं कोण धरतं? (निवृत्त शिक्षिका, नाशिक)

बाई, आकड्यांनी सुरुवात करते. ईटरचं क्षेत्र प्लाझ्म्याच्या मध्याशी ५.३ टेस्ला. अशा क्षेत्राचा स्वतःचा दाब असतो, तो सुमारे ११० वातावरणांएवढा येतो. आणि त्यात धरायचा प्लाझ्मा? हवेच्या अडीच लाखपट विरळ, पण मध्याशी पंधरा कोटी अंश तापलेला. घनता आणि तापमान यांचा गुणाकार केला तर सरासरी दाब तीनेक वातावरणं, म्हणजे पंपावर गाडीच्या चाकात ३०-३२ हवा भरून घेतो, साधारण तेवढाच. शंभराचा पिंजरा आणि तिनाचा प्राणी. लोक म्हणतात, मग अवघड काय?

अवघड हे की पिंजऱ्याला प्रत्येक थरावर दाबाचा हिशेब चुकवावा लागतो. मध्ये दाब जास्त, काठाशी शून्य. या उतारावर प्लाझ्मा बाहेर ढकलतो, आणि त्यात वाहणारा प्रवाह आणि क्षेत्र मिळून आत ढकलतात. जागोजागी हे दोन सारखे झाले की समतोल. त्यातून निघतं की एका थरावर दाब सगळीकडे एकच असायला हवा आणि रेषेने तो थर सोडायचा नाही. कांद्याचे पापुद्रे जसे एकात एक, तसे हे थर.

त्यात कड्याचं आणखी एक दुखणं. ट्यूब फुगवली की ती नुसती जाड होत नाही, तिचा घेरही वाढू बघतो. प्लाझ्म्याचंही तसंच, शिवाय प्रवाहाचं कडं स्वतःहूनही मोठं होऊ पाहतं. टोकामॅकमध्ये एक उभं क्षेत्र लावून ते आत रेटून धरतात. तरी आतले पापुद्रे मध्यापासून बाहेर सरकलेले राहतात. या सरकण्याला शाफ्रानोव्ह या रशियन शास्त्रज्ञाचं नाव आहे.

इथे पुन्हा सममिती कामाला येते. टोकामॅक सगळ्या कोनांतून सारखं, म्हणून एक छेद सोडवला की सगळं यंत्र सुटलं. १९५० च्या दशकाच्या शेवटी शाफ्रानोव्ह आणि अमेरिकेत हॅरल्ड ग्रॅड यांनी तो छेद एका समीकरणात बसवला. जगातली टोकामॅकं आजही तेच समीकरण सोडवत चालतात. सममिती गेली की ही चैन संपते. तीन मितींत असे नीटस पापुद्रे असतीलच याची हमी नाही. १९६७ मध्ये ग्रॅड यांनीच शंका काढली होती की सममिती नसेल तर असा गुळगुळीत समतोल बहुधा नसतोच. प्रत्यक्षात काही पापुद्रे फाटतात आणि तिथे रेषांच्या बंद गाठी तयार होतात, त्यांना बेटं म्हणतात. फार माजली तर रेषा सैरावैरा.

'समतोल' आणि 'स्थिर' हे मात्र वेगळे शब्द ठेवा. उलट्या वाटीवर गोटी ठेवता येते. समतोल आहे, पण फुंकरीने जाईल. यंत्र बेतताना दोन्ही तपासावं लागतं.

आणि धरतं कोण? प्लाझ्मा स्वतःच्या प्रवाहांनी स्वतःला धरू शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. प्लाझ्म्याला क्षेत्र, क्षेत्राला कॉइल, आणि कॉइलीला पोलादी आधार. ग्राइफ्सवाल्डला ४२५ टन सामान उणे २७० अंशांच्या आसपास थंड ठेवून हे करतात. शेवटी सगळा ताण बोल्टांवरच येतो.

प्रश्न : टॉलरन्स किती? आणि बरोबर बसलं हे तपासलं कसं? असल्या आकाराला डायल गेज कुठे लावणार? (सीएनसी ऑपरेटर, भोसरी)

काम मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या हिशेबात. सहा टनांची कॉइल, वर ती थंड झाल्यावर आकसणार, मग क्षेत्र चढवलं की वाकणार. हे सगळं गृहीत धरून. जुळणीलाच दहा लाखांहून जास्त मनुष्यतास लागले. प्रिन्स्टनलाही अशाच, डोळ्याला न दिसणाऱ्या पण कणाला कळणाऱ्या सममितीचा एक स्टेलरेटर बांधायला घेतला होता. याच बारीक मापांपायी खर्च आणि वेळ वाढत गेला आणि २००८ मध्ये काम अर्ध्यात थांबवलं. तयार होत आलेल्या कॉइली बघत बसायचं म्हणजे काय, हे तुम्हाला मला कळेल.

तपासणी मात्र सुंदर. प्लाझ्मा करायच्या आधी, नुसती निर्वात पोकळी आणि क्षेत्र चालू असताना, आत इलेक्ट्रॉनची बारीक धार सोडली. ती एका रेषेला धरून कड्याभोवती फेऱ्या मारते. एका जागी चमकणाऱ्या लेपाची कांडी फिरवली. जिथे जिथे धार कांडीला लागली तिथे ठिपका उजळला. अंधारात कॅमेरा उघडा ठेवला की ठिपक्यांची रांगोळी. ठिपके एका बंद वक्रावर बसले म्हणजे पापुद्रा शाबूत. धार थोडी आत घेतली की पुढचा पापुद्रा. काठाशी मुद्दाम ठेवलेली बेटांची माळ होती, तीही हवी तिथेच दिसली. २०१६ मध्ये छापलेला निकाल : ठरवलेल्या क्षेत्रापासून फरक एका लाखात एक भागाहून कमी. उरलेली बारीक चूक काढायला बाहेरून पाच दुरुस्तीच्या कॉइली आहेत. माझ्या उलट्या कॉइलीला वडिलांचा कान होता, तेवढीच माझी दुरुस्तीची सोय.

प्रश्न : आपल्याकडे यातलं काही होतं का, की नुसतं परदेशाचं कौतुक? (बडोदा)

तुमच्या दाराशीच होतं. गांधीनगरजवळ भाट इथल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य हे टोकामॅक १९८९ पासून आहे, नंतर त्याचं रूप सुधारलं. अतिवाहक चुंबकांचं एसएसटी-१ तिथलंच. ईटरभोवतीचं २९ मीटर उंचीचं, ३,८५० टनांचं निर्वात भांडं सुरतेजवळच्या हजिऱ्यात लार्सन अँड टुब्रोने तुकड्यांत घडवलं आणि फ्रान्सला जोडलं.

मला मात्र त्याहून एक लहान गोष्ट आवडते. ईटरच्या मुख्य कॉइली १८. कॉइलीखाली क्षेत्र जरा जास्त, दोन कॉइलींच्या मध्ये जरा कमी, म्हणजे १८ खड्डे. परिपूर्ण सममिती टोकामॅकमध्येही नसतेच. मोटरला स्लॉटमुळे जसा कंप येतो तसा हा क्षेत्राचा कंप. प्लाझ्म्याच्या पात्राला दुहेरी भिंत आहे आणि मधल्या पोकळीत न्यूट्रॉन अडवायला पोलादी ठोकळे भरलेत. त्यांतले काही चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाचे आहेत आणि कॉइलींच्या खाली बसवलेत. ते तिथलं क्षेत्र थोडं शोषून खड्डे उथळ करतात. हे ठोकळे भारतातून गेले. फोटो काढण्यासारखं त्यात काहीच नाही, लोखंडाच्या लाद्या दिसतात.

आणि कौतुकाचं म्हणाल तर १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभा म्हणाले होते की वीसेक वर्षांत फ्यूजनची ऊर्जा ताब्यात घ्यायची रीत सापडेल. सत्तर वर्षं झाली. मी भाकीत करणार नाही.

प्रश्न : घरी करता येईल असं काही सांगा. (आठवी, सातारा)

सायकलची जुनी ट्यूब घे, बेताची हवा भर. वॉल्व्हपाशी खडूने आडवं वर्तुळ काढ. आता वॉल्व्हपासून दोरा सुरू कर आणि ट्यूबभोवती पिळत पिळत पूर्ण चक्कर मारून वॉल्व्हपाशी ये. खडूच्या वर्तुळाला दोरा जिथे ओलांडतो तिथे पेनाने ठिपका दे. एका मोठ्या चकरेत दोरा ट्यूबभोवती बरोब्बर एकदा फिरला, तर तो पहिल्याच ठिपक्यावर येईल आणि पुढे कितीही फिरवलास तरी तोच ठिपका. वेंडेलश्टाइनच्या काठाशी हा आकडा एकच्या आसपास असतो, बेटं तिथेच येतात. थोडा कमी पिळलास तर दुसरा ठिपका शेजारी पडेल, तिसरा त्याच्या शेजारी. पीळ सगळीकडे सारखा ठेवणं हेच कठीण आहे. आतल्या अंगाला दोरा घसरतो, तिथे आईकडून थोडी चिकटपट्टी घे. ठिपके परत पहिल्यावर येईतो किती चकरा लागल्या ते मोज आणि पोस्टकार्डावर कळव. लाल शाई चालेल.